रात्री रडणारे पिल्लू आणि घरातील ज्येष्ठ

दिवाळी उलटली की बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, सोमेश्वरनगर, माळेगाव, भवानीनगर येथील कारखान्यांची धुराडी पेटतात आणि रात्रींना चांगलाच गारठा येतो. याच दिवसांत दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींकडून एक तक्रार मला दरवर्षी हटकून ऐकू येते : "डॉक्टर, चार रात्री डोळ्याला डोळा नाही." रक्तदाब नेहमीपेक्षा चढलेला, चेहरा ओढलेला, गोळ्या मात्र वेळेवर घेतलेल्या. थोडी चौकशी केली की कारण उलगडते. नातवाने उसाच्या फडातून छातीशी धरून आणलेले, किंवा पुण्याच्या मुलाने 'तुम्हाला सोबत होईल' म्हणून खोक्यात घालून आणून दिलेले कुत्र्याचे पिल्लू रात्रभर रडते. नातू शाळेला जातो, मुलगा पुण्याला परततो; पिल्लू आणि त्याचे रडणे आजी-आजोबांच्या वाट्याला येते.

हे याच ऋतूत घडावे यालाही कारण आहे. आपल्याकडील बहुतेक गावठी कुत्र्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात माजावर येतात आणि सुमारे ६३ दिवसांनी, म्हणजे थंडीच्या तोंडावर, वितात. उसाचा फड हा त्यांना सुरक्षित, उबदार आडोसा वाटतो. तोड सुरू झाली की तो आडोसा एका दिवसात नाहीसा होतो आणि पिल्ले उघडी पडतात.

मी माणसांचा डॉक्टर आहे. पिल्लाचे औषधपाणी हे पशुवैद्यकाचे काम. त्यात मी लुडबुड करणार नाही. परंतु त्या पिल्लामुळे ज्यांची झोप उडते, ज्यांच्या पायांत ते घुटमळते, ज्यांच्या पातळ झालेल्या त्वचेवर त्याची नखे ओरखडे काढतात, ती माणसे माझे रुग्ण असतात. म्हणून पिल्लाचे रडणे शांत कसे करावे आणि ते करताना आपली प्रकृती कशी सांभाळावी, या दोन्ही गोष्टी आज एकत्र मांडतो.

रडणे हा हट्ट नव्हे

कुत्र्याचे पिल्लू जन्मते तेव्हा आंधळे आणि बहिरे असते. डोळे उघडायला दहा ते चौदा दिवस लागतात, कान उघडायला त्याहून थोडे अधिक. या काळात त्याचे सारे जग म्हणजे आईचा वास, तिच्या अंगाची ऊब आणि भावंडांचा ढीग. या ढिगातून एखादे पिल्लू बाजूला घरंगळले की ते थंड पडू लागते आणि केकाटते. आई तो आवाज ऐकून त्याला तोंडात धरून परत आणते. म्हणजे रडणे हे पिल्लाच्या जिवंत राहण्याचे साधन आहे. आपल्या घरातील पहिल्या रात्री ते नेमके हेच साधन वापरत असते. फरक इतकाच, की आई येत नाही.

याक पँकसेप या मेंदूशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात एक विलक्षण गोष्ट दाखवली. एकट्या पडून रडणाऱ्या पिल्लांना मॉर्फिनची अत्यल्प मात्रा दिली असता त्यांचे रडणे स्पष्टपणे कमी झाले. यावरून त्यांनी असा विचार मांडला की विरहाचे दुःख आणि शरीराची वेदना यांची मेंदूतील वाट बऱ्याच अंशी एकच असावी, आणि जवळच्याच्या सहवासात शरीर स्वतःच वेदनाशामक द्रव्ये तयार करत असावे. याचा अर्थ पिल्लाला गुंगीचे औषध द्यावे असा मुळीच नाही. अर्थ असा, की पिल्लाला खरोखरच दुखत असते, आणि त्यावरचा उतारा म्हणजे सोबत.

जॉन पॉल स्कॉट या प्राणिवर्तनतज्ज्ञाच्या गटाने त्याच सुमारास एकट्या ठेवलेल्या पिल्लांना अन्न, खेळणे, मऊ कापड, दुसरे कुत्रे आणि माणूस अशा निरनिराळ्या गोष्टी देऊन पाहिल्या. अन्नाने रडणे फारसे थांबले नाही. मऊ कापडाने थोडेफार थांबले. सर्वांत अधिक थांबले ते माणसाच्या सहवासाने. रात्री पिल्लू रडले की वाटीभर दूध पुढे सरकवून झोपायला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आधी वय ओळखा

पिल्लू घरात आले की पहिला प्रश्न त्याच्या वयाचा. डोळे मिटलेले असतील तर ते दोन आठवड्यांच्या आतले आहे. डोळे उघडे, पण चाल लटपटती आणि दात नाहीत, तर सुमारे तीन आठवड्यांचे. पुढचे बारीक दात हिरडीतून डोकावू लागले असतील तर ते तीन-चार आठवड्यांच्या पुढचे. दुधाचे दात भरलेले, धावते, भावंडांशी कुस्ती खेळते, तर सहा ते आठ आठवड्यांचे.

आईपासून तोडण्यास योग्य वय म्हणजे किमान आठ आठवडे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वानप्रजनन व विक्रीविषयक नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. कोणी महिन्याचे पिल्लू विकत आणून देत असेल, तर त्याने नियम मोडणाऱ्याकडून घेतले आहे हे त्याला स्पष्ट सांगावे.

फडातले पिल्लू नातवाने उचलून आणले असेल तर आणखी एक प्रश्न विचारा : त्याची आई कुठे आहे? कुत्री अन्नासाठी काही तास दूर जाते. त्याचा अर्थ पिल्ले पोरकी झाली असा नव्हे. माणसांची वर्दळ थांबली की ती परत येते आणि पिल्ले एकेक करून दुसऱ्या आडोशाला हलवते. म्हणून अशी पिल्ले दिसली तर त्यांना बांधावर सावलीत, त्याच जागेच्या जवळ ठेवून दूर व्हावे आणि सायंकाळपर्यंत वाट पाहावी. पाचट पेटवण्यापूर्वी एकदा सरीतून नजर फिरवावी. उचलून आणलेल्या पिल्लाची आई सापडण्याजोगी असेल, तर रडणे थांबवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे त्याला त्याच दिवशी तिच्याकडे परत पोहोचवणे.

हे मी उगीच सांगत नाही. कोलकात्याच्या 'आयसर' संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पश्चिम बंगालमधील रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांचा मागोवा घेतला होता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार सात महिन्यांपर्यंत जेमतेम १९ टक्के पिल्ले जगली, आणि मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यूंमागे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे माणूस होता. रस्त्यावरचे अपघात आले, मारहाण आली, आणि हौसेने उचलून नेणेही आले.

ऊब, पोट आणि शौच

आई नाहीच, किंवा पिल्लू आठ आठवड्यांचे होऊन रीतसर घरी आले आहे, असे धरून पुढे जाऊ. रडणाऱ्या पिल्लाची तपासणी या क्रमाने करावी : थंडी, भूक, शौच, दुखणे आणि शेवटी एकटेपण.

थंडी सर्वांत आधी. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या भोवतालची हवा २९ ते ३२ अंश सेल्सिअस असावी लागते. आपल्याकडे पौषातल्या रात्री पारा दहा-बारा अंशांच्या घरात उतरतो. प्लॅस्टिकच्या बाटलीत कोमट पाणी भरावे, ती जुन्या लुगड्याच्या दोन-तीन घड्यांत गुंडाळावी आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे गरम झाले तर पिल्लाला दुसऱ्या बाजूला सरकता येते. बाटली आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहावी. तिथे सुखद वाटली पाहिजे. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कदापि ठेवू नये. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू पिल्लाचा आणि तुमचाही जीव घेऊ शकतो.

भुकेच्या बाबतीत आपल्याकडे एकच पद्धत रूढ आहे : दूध-भाकरी. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा प्रथिने आणि स्निग्धांश दुपटीच्या घरात असतात, आणि दुग्धशर्करा कमी. त्यामुळे केवळ गाईच्या दुधावर ठेवलेले पिल्लू अर्धपोटी राहते आणि त्याला जुलाबही होतात. चार आठवड्यांच्या आतील पिल्लासाठी पशुवैद्यकाकडून पिल्लांचे तयार दूध आणावे. पाजताना पिल्लू पोटावर असावे. तान्ह्या बाळासारखे उताणे धरून पाजल्यास दूध फुप्फुसांत जाते. अंग गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यावी, मग दूध. दात आल्यावर मऊ शिजवलेला भात, उकडलेले अंडे, कोंबडीचे बिनमिठाचे, बिनमसाल्याचे मांस किंवा भिजवलेले तयार खाद्य दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे.

आपल्यापैकी ज्यांना मधुमेह आहे, त्यांना साखर उतरली की अंग कसे थरथरते आणि गळून जाते हे चांगलेच ठाऊक आहे. लहान पिल्लालाही बराच वेळ उपाशी राहिल्यास तसेच होते. ते थरथरू लागले, मान टाकू लागले, तर हिरडीला चिमूटभर साखरेचे पाणी चोळून तातडीने पशुवैद्यकाकडे न्यावे.

आपल्या भागात आणखी एक धोका आहे. इंदापूर-बारामतीत द्राक्षबागा पुष्कळ. घरोघरी ज्येष्ठ मंडळी रात्री भिजवलेले मनुके सकाळी खातात. द्राक्षे आणि मनुके कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. प्रेमाने हातावर ठेवलेले चार मनुकेही टाळावेत. कांदा, लसूण, चॉकलेट आणि बिनसाखरेच्या गोड गोळ्यांतील झायलिटॉल हेही वर्ज्य. आणि आपल्या डब्यातील पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा झोपेची गोळी पिल्लाला कधीही देऊ नये. 'अर्धी गोळी दिली तर काय होते?' असा प्रश्न मला विचारला गेला आहे. त्याने जीव जाऊ शकतो.

तीन आठवड्यांच्या आतील पिल्लाला आपण होऊन लघवी-शौचही होत नाही; आई चाटते तेव्हा ते होते. प्रत्येक दूध पाजण्यानंतर कोमट पाण्यात भिजवलेला कापूस त्या जागी हळुवार फिरवावा. मोठ्या पिल्लाला उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर लगेच ठरावीक जागी न्यावे. दोन महिन्यांचे पिल्लू साधारण दोन-तीन तासच लघवी धरू शकते. त्यामुळे रात्री एकदा-दोनदा उठावे लागणार, हे गृहीतच धरावे.

पहिल्या रात्रीची व्यवस्था

आता एकटेपणाकडे वळू. पिल्लू आणताना शक्य असल्यास आईच्या आणि भावंडांच्या अंगाखालचे एखादे फडके बरोबर आणावे. तो ओळखीचा वास फार मोठा आधार असतो. पिल्लू सकाळी आणावे, सायंकाळी नव्हे, म्हणजे अंधार पडेपर्यंत घराची आणि माणसांची थोडी ओळख झालेली असते.

उंच कडांचे पुठ्ठ्याचे खोके किंवा वेताची पाटी घ्यावी, तळाशी वर्तमानपत्रे आणि वर जुन्या गोधडीचा तुकडा. हे खोके पहिले काही दिवस आपल्या पलंगाशेजारी, हात खाली सोडला तर पोहोचेल असे ठेवावे. ओट्यावर, गोठ्यात किंवा न्हाणीघरात कोंडलेले पिल्लू अधिक रडते, कारण तेथे त्याची भीती खरी ठरते. झोपण्यापूर्वी दोन-तीन तास शेवटचे खाणे, मग थोडा खेळ, मग लघवी, मग खोके. दिवा मंद करावा. पिल्लू कुरकुरले की हात खाली सोडून त्याच्या पाठीवर ठेवावा, हलक्या आवाजात दोन शब्द बोलावेत. उचलून पलंगावर घेण्याची गरज नाही. आपण जवळ आहोत एवढे त्याला कळले की बहुतेक वेळा ते निवते.

'रडू द्या, थकून गप्प बसेल' हा सल्ला पुष्कळजण देतात. थकून पिल्लू गप्प बसते हे खरे. पण ते शांत होत नाही, निराश होते. आणि ओरडल्याने, वर्तमानपत्राची गुंडाळी आपटल्याने ते एकटेपणाच्या भीतीत माणसाच्या भीतीची भर घालते. तान्ह्या वयात हाकेला उत्तर दिल्याने पिल्लू लाडावत नाही.

बहुतेक पिल्ले काही रात्रींत, फार तर पंधरवड्यात रुळतात. त्यानंतर खोके रोज हातभर दूर सरकवत न्यावे आणि अखेर त्याच्या कायमच्या जागी न्यावे. याच्या जोडीला दिवसा एकटे राहण्याचा सराव हवा : आधी दुसऱ्या खोलीत मिनिटभर जाऊन परत यावे, मग पाच मिनिटे, मग पंधरा. परत येताना गाजावाजा करू नये. 'गेलेले माणूस परत येते' हा विश्वास त्याच्या मनात बसणे, हेच रडणे थांबण्याचे मूळ. दिवसा त्याला झोपही पुरेशी हवी. लहान पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपते. पाहुण्यांनी आणि नातवंडांनी दिवसभर हाताळलेले पिल्लू रात्री अधिक किरकिरते, अगदी तान्ह्या बाळाप्रमाणे.

पण सर्वच रडणे एकटेपणाचे नसते. पिल्लू सतत क्षीण कण्हत असेल, खात नसेल, उलट्या किंवा रक्तमिश्रित जुलाब होत असतील, पोट ताठ फुगलेले असेल, तर सकाळची वाट पाहू नये. पार्व्होसारखा आजार लसीकरण न झालेल्या पिल्लाला दोन-तीन दिवसांत नेतो. जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून आणि पार्व्हो-डिस्टेंपरची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते. लसीचे डोस सोळा आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने पूर्ण करावे लागतात. त्याचे वेळापत्रक पशुवैद्यकाकडून लिहून घेऊन कॅलेंडरवर खुणा कराव्यात.

आता तुमच्याविषयी

वाचकहो, पिल्लू घरात आल्यावर ज्येष्ठांना सर्वांत मोठा धोका असतो तो पडण्याचा. पहाटे अंधारात लघवीला उठावे, पायांत पिल्लू यावे किंवा गुळगुळीत फरशीवर त्याने केलेल्या लघवीवरून पाय घसरावा, आणि खुब्याचे हाड मोडावे, एवढीच ती गोष्ट असते; पण त्यानंतरचे सहा महिने घराची घडी विस्कटून जाते. यासाठी तीन गोष्टी कराव्यात. पलंगापासून शौचालयापर्यंत रात्रभर मंद दिवा असू द्यावा. पिल्लाच्या गळ्यात हलकासा घुंगरू बांधावा, म्हणजे ते कुठे आहे हे कळते. आणि रात्री पिल्लू खोक्यातच असावे, मोकळे फिरू नये.

रक्तदाबाच्या वा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्यांनी पिल्लाचा आवाज ऐकून ताडकन उठू नये. कुशीवर वळावे, पाय खाली सोडून मिनिटभर बसावे, मग उभे राहावे. नाहीतरी आपल्यापैकी अनेकांना रात्री एकदा-दोनदा उठावेच लागते. आपली वेळ आणि पिल्लाची वेळ एकच केली तर दोघांचीही सोय होते. मात्र पिल्लाला उचलून अंगणात नेण्याचे काम तरुण माणसाकडे द्यावे. ते शक्य नसेल तर खोलीच्या कोपऱ्यातच वर्तमानपत्रे अंथरावीत. गुडघेदुखी असणाऱ्यांनी वाकून वाटी ठेवण्याऐवजी खुर्चीवर बसून पिल्लाला मांडीवर घ्यावे.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांना नखाच्या साध्या ओरखड्यातूनही बराच वेळ रक्त वाहते. पिल्लाची नखे पशुवैद्यकाकडून बोथट करून घ्यावीत आणि आपण पूर्ण बाह्यांचा सदरा वापरावा. मधुमेही व्यक्तीच्या पायांना संवेदना कमी असते. तेथे पिल्लाचे दात लागलेलेही कळत नाहीत. रोज झोपताना पाय तपासावेत आणि घरातही चप्पल घालावी. ज्यांची प्लीहा काढलेली आहे, ज्यांना यकृताचा जुना आजार आहे किंवा जे कर्करोगावरील औषधे वा स्टिरॉइड घेतात, त्यांनी पिल्लाला जखम चाटू देऊ नये.

पिल्लाच्या विष्ठेतून गोलकृमींची अंडी बाहेर पडतात. ती ताजी असताना संसर्ग करत नाहीत. मातीत दोन-चार आठवडे राहिल्यावर करतात. म्हणून विष्ठा त्याच दिवशी उचलावी, हात साबणाने धुवावेत आणि नातवंडांना त्या मातीत खेळू देऊ नये.

'एवढेसे पिल्लू, त्याने काय होते?'

हे वाक्य मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. लहान पिल्लालाही रेबीज होऊ शकतो, आणि पिल्लाच्या चाव्यातून, रक्त काढणाऱ्या ओरखड्यातून, डोळ्याला किंवा ओठांना लागलेल्या लाळेतून तो माणसाला होऊ शकतो. पिल्लाला रेबीजची लस साधारणतः तिसऱ्या महिन्यात दिली जाते. तोवर ते सुरक्षित आहे असे समजता येत नाही. फडातून आणलेल्या, आईचा ठावठिकाणा नसलेल्या पिल्लाबाबत तर अधिकच सावध असावे.

दात लागला की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, मिरची यांपैकी काहीही लावू नये. मग त्याच दिवशी बारामतीचे सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय, इंदापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीचे दिवस ० (म्हणजे पहिला), ३, ७ आणि २८. दंडात स्नायूत दिल्या जाणाऱ्या लसीचे ०, ३, ७, १४ आणि २८. रक्त आलेल्या जखमेला याशिवाय जखमेत द्यावयाचे प्रतिद्रव्याचे इंजेक्शन लागते. पूर्वी संपूर्ण लसीकरण झालेले असल्यास दोनच डोस पुरतात, म्हणून जुना कागद जपून ठेवावा. स्टिरॉइड किंवा कर्करोगाची औषधे चालू असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पिल्लू दहा दिवस ठणठणीत राहते का हे पाहत लस लांबवू नये. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून जवळजवळ कोणीही वाचत नाही, आणि वेळेवर घेतलेली लस जवळजवळ प्रत्येकाला वाचवते.

आपल्या भागासाठी आणखी एक सूचना. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य, कडबनवाडीचा माळ या परिसरांत लांडगे, कोल्हे, खोकड यांचा वावर आहे. माळावर वा फडात सापडलेले पिल्लू कुत्र्याचेच असेल असे नाही. शंका असल्यास हात न लावता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. वन्यप्राण्याचे पिल्लू घरात ठेवणे हा १९७२ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. आणि आपल्या कुत्र्याला डिस्टेंपरची लस देणे हे या वन्यजीवांवरही उपकार आहेत. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, त्यांत याच रोगाच्या विषाणूचा हात होता.

'नको' म्हणण्याचा अधिकार

शेवटचा मुद्दा मुलांना आणि काळजीवाहकांना उद्देशून आहे. आई-वडील एकटे पडले म्हणून पिल्लू आणून देण्यामागची माया मी जाणतो. कुत्र्याच्या सहवासाने अनेक ज्येष्ठांचे चालणे वाढते, बोलणे वाढते, दिवसाला वेळापत्रक येते, हे मी पाहिले आहे. परंतु पिल्लू भेट म्हणून देण्याची वस्तू नाही. ते दहा ते पंधरा वर्षे जगते. पंचाहत्तरीच्या वडिलांना ते देताना पुढचा सांभाळ कोण करणार, त्यांना रुग्णालयात ठेवावे लागल्यास त्याला कोण नेणार, लसीचा आणि खाण्याचा खर्च कोण उचलणार, याची उत्तरे देणाऱ्याकडे तयार हवीत. वाढल्यावर तीस किलो भरणारा लॅब्रॅडॉर साखळी ओढू लागला, तर वडिलांचा तोल राहील का, हेही पाहावे. आणि स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीच्या एकटीच्या भरवशावर पिल्लू ठेवणे दोघांच्याही हिताचे नाही.

ज्येष्ठांनीही संकोच करू नये. दत्ताच्या पायाशी कुत्री आहेत, पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो, मग दारी आलेल्या जिवाला नको कसे म्हणावे, असे अनेकांना वाटते. झोप, तोल आणि रक्तदाब यांचा विचार करून 'मला झेपणार नाही' असे म्हणण्यात निर्दयपणा नाही. फक्त ते पहिल्या दोन-चार दिवसांतच म्हणावे, म्हणजे पिल्लाला दुसरे घर शोधता येते. सोबत हवीच असेल, तर तीन-चार वर्षांचे, लसीकरण झालेले, शांत स्वभावाचे गावठी कुत्रे हा पिल्लापेक्षा कितीतरी सोपा पर्याय आहे. मात्र त्रास झाला म्हणून पिल्लू सोलापूर महामार्गावर, बाजारात किंवा उजनीच्या काठावर सोडून देणे हा पर्याय कोणासाठीच नाही. जनावराला असे उपासमारीच्या तोंडी टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

कात्रण करून भिंतीवर लावण्यासाठी

- पिल्लू रडले की क्रमाने पाहा : थंडी, भूक, शौच, दुखणे, एकटेपण.
- खोके पलंगाशेजारी. कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली एका बाजूला. बंद खोलीत शेगडी नाही.
- मनुके, द्राक्षे, कांदा, लसूण, चॉकलेट आणि माणसांच्या गोळ्या पिल्लापासून दूर.
- रात्रभर मंद दिवा, पिल्लाच्या गळ्यात घुंगरू, उठताना मिनिटभर बसून मगच उभे राहणे.
- दात लागला किंवा नखाने ओरखडले की पंधरा मिनिटे साबण-पाणी आणि त्याच दिवशी रुग्णालय.
- लस आणि जंताच्या औषधाच्या तारखा कॅलेंडरवर; तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा क्रमांक फोनजवळ.
- सलग तीन रात्री झोप झाली नाही तर चौथ्या रात्री पिल्लाची जबाबदारी घरातील दुसऱ्या कोणाकडे द्यावी आणि आपण झोपावे.